नारायणाला बुंदी, लखोबाला खवा

प्रश्न : आमच्या भिशीत परवा एक खेळ रंगला. मराठी पुस्तकांतल्या आणि नाटकांतल्या पात्रांना त्यांच्या स्वभावाप्रमाणे एकेक गोड पदार्थ नेमून द्यायचा. आमची यादी अशी झाली : नारायणाला जिलबी, श्यामच्या आईला पुरणपोळी, अंतू बर्व्याला उकडीचा मोदक, सखाराम गटण्याला पास झाल्याचा पेढा, रावसाहेबांना बेळगावचा कुंदा, फास्टर फेणेला सुतरफेणी, चिमणरावांना शिकरण आणि ‘तो मी नव्हेच’मधल्या लखोबाला गुलाबजाम. चितळे मास्तरांना बाकरवडी द्यावी असं एकीचं म्हणणं होतं आणि त्यावरून बरीच वादावादी झाली. अशा जुळवणीला काही नियम असतो का, की ज्याच्या मनाला येईल ते? आणि हा खेळ आमच्याआधी कुणी खेळलं आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : बाकरवडीचं आधी मिटवून टाकू. बाकरवडी तिखट-गोड असली तरी ती फराळाच्या डब्यातली, पंक्तीतली नव्हे. शिवाय आडनावावरून पदार्थ द्यायचा ठरला तर गोडबोले आडनावाच्या प्रत्येक पात्राला काहीतरी द्यावं लागेल. त्याच न्यायाने फास्टर फेणेची सुतरफेणीही बाद.

रावसाहेबांचा कुंदा मात्र मला जड मनाने परत घ्यावा लागतो आहे. जुळवणी झकास आहे. दूध आणि साखर आटवत आटवत तांबूस होईपर्यंत कढईशी झुंजायचं, वरून खडबडीत आणि आत लोण्यासारखा असा पदार्थ बेळगावच्या त्या माणसाला शोभलाच असता. पण नारायण, अंतू बर्वा, गटणे यांच्यासारखे रावसाहेब पु. ल. देशपांड्यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’तले नाहीत. ते ‘गणगोत’मधले, म्हणजे पु. लं.च्या आयुष्यातले खरेखुरे गृहस्थ. खेळ काल्पनिक पात्रांचा आहे. खऱ्या माणसांना पदार्थ वाटत सुटलात तर पुढच्या भिशीत एकमेकींना वाटाल, आणि मग भिशी राहणार नाही.

आता नियमाचं. तुमची यादी वाचून एक लक्षात आलं. तुम्ही पदार्थ निवडले ते प्रसंगावरून किंवा चवीवरून. नारायण लग्नात असतो, लग्नात जिलबी असते, म्हणून नारायणाला जिलबी. श्यामची आई प्रेमळ, पुरणपोळी प्रेमाने करतात, म्हणून तिला पुरणपोळी. यात गोम अशी की चवीवरून माणसं वेगळी करता येत नाहीत. सगळे गोड पदार्थ शेवटी गोडच. पण कृती घ्या. कुणाला तीन दिवस भिजत ठेवावं लागतं, कुणाला विस्तव चालतच नाही, कुणी ढवळत राहिलं तरच जमतो आणि कुणाला ढवळलं की बिघडतो. माणसांचे स्वभाव असेच असतात. म्हणून माझा नियम एकच : पानात वाढलेला पदार्थ बघायचा नाही, चुलीवरचा बघायचा.

या नियमाने नारायणाकडे बघा. जिलबी हा पंक्तीतला मानकरी. तिचं कौतुक होतं, मठ्ठ्याबरोबर तिचं नाव घेतात, जावई किती खातो याची मोजदाद होते. नारायणाचं कोण कौतुक करतं? मुहूर्तापासून वरातीपर्यंत सगळं त्याच्या डोक्यावर, आणि अडलं की हाका त्याच्या नावाने. तो बुंदीच्या लाडवातला पाक आहे. बेसन पातळ भिजवून झाऱ्यातून तुपात पाडलं की हजारो कळ्या तयार होतात, पण त्या सगळ्या सुट्या. एक कळी दुसरीला ओळखत नाही, वरपक्ष वधूपक्षाला ओळखत नाही तशी. त्यांना धरून ठेवतो तो पाक. आचारी पळीच्या टोकावरचा थेंब अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरतो, बोटं हलकेच उघडतो आणि मध्ये एक तार उभी राहते का बघतो. तार आली नाही तर लाडू बसतो. जास्त आली तर साखर कडक होते, कळ्या कोरड्या पडतात आणि लाडू वळतच नाही. पाक असा अचूक जमला की त्याच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. लाडू खाणारा म्हणतो, बुंदी छान पडली आहे. पाकाचं नाव निघतं ते लाडू फुटला तरच. नारायणाचं आयुष्य याहून वेगळं नाही.

सखाराम गटण्याला पेढा देऊन तुम्ही त्याला वर्गातला हुशार मुलगा करून टाकलंत. तसले हुशार मुलगे ढीगभर असतात, गटणे एकच. वाचून वाचून ज्याची भाषा छापील झाली आहे, जो साध्या गोष्टीही व्याख्यानाच्या सुरात बोलतो, त्याला मी संक्रांतीचा काटेरी हलवा देईन. हलवा करताना बघितला आहे का कुणी? आता तो बहुधा विकतच येतो. निखाऱ्यांच्या मंद आचेवर परात, परातीत मूठभर खसखस किंवा तीळ, आणि शेजारी पातळ पाकाची वाटी. चमचाभर पाक घालायचा आणि बोटांनी दाणे सारखे फिरवत राहायचे. तो सुकला की पुन्हा चमचाभर. बोटं भाजतात, कंबर धरते, आणि दोनचार दिवस हे चालल्यावर दाण्यावर पांढरे, टोकदार काटे उभे राहतात. फार देखणी वस्तू. पण चावून बघितलीत तर मध्ये तीच एक खसखस. गटणे नावाचा मुलगा असा खूप आत आहे, त्याच्यावर एकेका पुस्तकाचा पाक चढत गेलेला आहे. हलव्याचे दागिने करून नव्या नवरीला घालतात, बोरन्हाणात बाळाला घालतात, फोटो काढतात. खाण्यासाठी तो फारसा कुणी मागत नाही. तरी त्याच्याशिवाय संक्रांत होत नाही, हेही खरं.

अंतू बर्व्याच्या बाबतीत आपले हात बांधलेले आहेत, कारण रत्नागिरीच्या या माणसांसाठी पु. लं.नी स्वतःच फणस पुढे करून ठेवला आहे. पिकल्याशिवाय गोडी नाही, हा त्यांचा मुद्दा. मग फणसाचं काय करायचं एवढंच आपल्या हाती उरतं. सांदणं मऊ असतात, नारळाच्या रसाशी गळ्यात गळे घालतात. अंतूशेठना ते परवडणार नाही. मी फणसपोळी सुचवतो. बरक्या फणसाचे गरे, आठळ्या काढून हातांनी पिळून रस काढायचा, ताटाला तुपाचा हात लावून तो पसरायचा आणि वैशाखाच्या उन्हात दिवसचे दिवस वाळवायचा. पावसाच्या आत सुकली तर ठीक, नाहीतर बुरशी. वाळलेली फणसपोळी दाताला सहजी शरण येत नाही. चावत बसावं लागतं, आणि बऱ्याच वेळाने जिभेवर जे येतं ते मुंबईच्या दुकानातल्या मिठाईत नसतं. उकडीचा मोदक फार गुबगुबीत. तो कोकणातल्या सुखवस्तू घरातल्या एखाद्या काकांसाठी राखून ठेवा.

चिमणरावांना शिकरण, ही तुमच्या यादीतली सगळ्यात चांगली जोडी, आणि ती माझ्या नियमातही बसते. केळं कुस्करलं, दूध ओतलं, साखर घातली, संपलं. विस्तवाशी गाठच नाही. चिं. वि. जोशींच्या या पुणेरी कारकुनाचाही विस्तवाशी गाठ न पडू देण्यावर कटाक्ष असतो. तरी प्रत्येक वेळी काहीतरी पेटतंच, हा भाग वेगळा. शिकरणही तसं बेभरवशाचं : ताबडतोब खाल्लं नाही तर काळं पडतं. पण तुम्ही गुंड्याभाऊंना विसरलात. चिमणरावांना एकटं पाटावर बसवणं हा अन्याय आहे. गुंड्याभाऊंना मलिदा. गरम पोळ्या मुठीत चुरायच्या, गूळ मुठीनेच फोडायचा, वर तूप, आणि पुन्हा मूठ. यात चमच्याला, वाटीला, सुरीला काम नाही. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ही जोडी केली, तेव्हापासून अनेकांच्या डोळ्यांसमोर त्यांचेच चेहरे येतात. तेच डोळ्यांसमोर आणा आणि एकाच्या हातात वाटी, दुसऱ्याच्या हातात परात द्या. वाद उरणार नाही.

लखोबाला गुलाबजाम दिलात, त्यात तुम्ही दाराशी येऊन परत गेलात. ‘तो मी नव्हेच’ 1962 साली रंगभूमीवर आलं. आचार्य अत्र्यांच्या या नाटकात निपाणीचा तंबाखूचा व्यापारी म्हणवणारा एक इसम आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे, आणि साक्षीला येणारी एकेक बाई सांगते की हाच तो, फक्त तेव्हा त्याचं नाव आणि वेष वेगळा होता. प्रभाकर पणशीकर फिरत्या रंगमंचावर पाच वेगवेगळी रूपं घेत. असल्या माणसाला एक ठरावीक मिठाई देऊन कसं चालेल? तो खवा आहे. साताऱ्याला गेला की भाजून कंदी पेढा होतो, पाकात पडला की गुलाबजाम, थापला की बर्फी, करंजीत शिरला तर बाहेरून कळणारही नाही. प्रत्येक ठिकाणी तोच, आणि प्रत्येक ठिकाणी म्हणणार, तो मी नव्हेच.

खव्याचं आणखी एक आहे. त्यात पिठाची भेसळ असेल तर डोळ्यांना आणि जिभेला बहुधा पत्ता लागत नाही. त्यासाठी थोडा खवा पाण्यात उकळायचा, थंड होऊ द्यायचा आणि त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकायचे. पिष्ट असेल तर पाणी निळं होतं. दिवाळीच्या तोंडावर घरीसुद्धा करून बघता येईल इतकं हे सोपं आहे. नाटकातलं कोर्ट दुसरं काय करतं? एकेक साक्षीदार म्हणजे एकेक थेंब, आणि रंग बदलेपर्यंत प्रेक्षक खुर्चीच्या कडेवर.

भेसळीवरून संशयाकडे येऊ. देवलांच्या ‘संशयकल्लोळ’मधले फाल्गुनराव तुमच्या यादीत नाहीत, आणि ते नसावेत याचं मला आश्चर्य वाटलं, कारण त्यांच्यासाठी पदार्थ जन्माला येऊन बसला आहे. अनारसे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, निथळून दमट असतानाच कुटायचे, चाळायचे, गुळात मळून गोळा डब्यात झाकून ठेवायचा. चारआठ दिवस तो गोळा अंधारात मुरत असतो. फाल्गुनरावांच्या डोक्यातही संशय असाच मुरत असतो. एका तसबिरीचं निमित्त होतं आणि डबा उघडतो. मग गोळी खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायची. उलटायची नाही, वरून झाऱ्याने तूप उडवायचं. आणि त्या क्षणी करणारी बाई कढईत ज्या नजरेने बघते ना, ती थेट फाल्गुनरावांची नजर. जाळी पडेल का? की हसेल? गूळ जास्त झाला तर अनारसा तुपात हसतो, म्हणजे विरघळून पसरतो, आणि मग त्या तुपाचंही मातेरं होतं. अशा वेळी जाणत्या बायका पिठात थोडं कोरडं तांदळाचं पीठ मिसळतात. फाल्गुनरावांच्या संसारात ते कोरडं पीठ वेळेवर पडतं म्हणून ते नाटक विनोदी राहिलं. कृत्तिकाबाईंनाही हाच पदार्थ. संशयात त्या नवऱ्याला हार जात नाहीत.

‘तुझे आहे तुजपाशी’चं नाव निघालंच नाही, म्हणून दोन ओळी माझ्या पदरच्या. 1957 सालच्या या नाटकात एका घरात काकाजी आणि आचार्य समोरासमोर येतात. काकाजींना रबडी. बासुंदी आणि रबडी यांत फरक आहे. बासुंदी ढवळत राहावी लागते. रबडीला ढवळायचं नसतं. दूध आपल्या तंद्रीत उकळू द्यायचं, साय धरली की ती अलगद कढईच्या कडेला सारायची आणि पुन्हा वाट बघायची. इंदुरी माणसाला वाट बघण्याचं दुःख नसतं, गप्पा चालू असल्या म्हणजे झालं. आणि आचार्यांना राजगिऱ्याचा लाडू. उपासाला चालतो, दिसायला मोठा, हातात घेतला तर वजन नाही. राजगिरा तापल्या कढईत फुलतो आणि सात्त्विक म्हणून मिरवतो. त्याला एकत्र धरून ठेवणारा मात्र गूळच असतो, आणि तो गूळ आचार्यांनाही चुकत नाही हीच त्या नाटकाची गंमत आहे.

फास्टर फेणेला चिक्की. कारण भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा मुलगा एका जागी बसून वाटी-चमच्याने काही खाईल हे शक्य नाही. खिशात मावलं पाहिजे, सायकलवर खाता आलं पाहिजे, आणि मोडताना ‘टॉक्’ असा आवाज आला पाहिजे. ‘व्यक्ती आणि वल्ली’तल्या पेस्तनकाकांना पारशी लगननुं कस्टर्ड. अंडी, दूध, जायफळ, आणि वरून भाजलेला तांबूस रंग. याहून जास्त विचार करण्याचं कारण नाही.

पांडुरंग सांगवीकर तुमच्या भिशीत कुणाच्या लक्षात आला नाही, हे ‘कोसला’च्या वाचकांना खपायचं नाही. त्याला मी पुरणपोळी देतो. दचकू नका, तव्यावरची नव्हे, खानदेशातली खापरावरची. तिथे उंडा पोळपाटावर लाटून भागत नाही. पुरण भरलेली कणीक हातांवर घेऊन, या हातावरून त्या हातावर झेलत कोपरापर्यंत मोठी करतात आणि पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अंथरतात. आखाजीला आंब्याच्या रसाबरोबर ती खायची. आता ही पोळी पुण्यातल्या खाणावळीत नेऊन बघा. तव्यावर मावणार नाही, ताटात मावणार नाही. घडी घालून वाढली तर तिचं काहीच उरत नाही. खानदेशातून पुण्याला शिकायला आलेल्या आणि तिथे कुठेच न मावलेल्या त्या मुलाची अडचण 1963 साली नेमाड्यांनी लिहिली. आकाराचीच अडचण होती ती, चवीची नव्हे.

म्हणजे श्यामच्या आईची पुरणपोळी मी काढून घेतली. त्याचं कारण सांगायला हवं, नाहीतर सांगलीहून माझ्या नावाने लाटणी येतील. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात ही पुस्तकभर आई लिहून काढली. तिचं घर पडत्या काळातलं आहे. हरभऱ्याची डाळ, भरपूर गूळ, वर तुपाची धार, असा थाट त्या घरात रोजचा नाही. आणि त्या पुस्तकातला खाण्याचा जो प्रसंग सगळ्यांच्या लक्षात राहिला आहे तो गोडाचा नाहीच. भाजीत मीठ घालायचं राहून जातं, आणि श्यामचे वडील एका शब्दाने बोलून न दाखवता ती अळणी भाजी चवीने जेवतात. अशा घराचं गोड म्हणजे खांतोळी. तांदळाच्या कण्या किंवा जाडसर रवा भाजायचा, गूळ आणि नारळ घालून शिजवायचा, ताटात थापायचा, वड्या पाडायच्या. जे कोकणातल्या गरिबातल्या गरीब घराच्या परसात आणि कणगीत असतं त्यातच भागतं, आणि पाहुण्यासमोर ठेवायलाही लाज वाटत नाही. आपण सगळे तिला पुरणपोळी देतो ते आपापल्या आईच्या आठवणीने. ती आपली पुरणपोळी झाली, तिची नव्हे.

‘ती फुलराणी’तल्या मंजुळेसाठी माझ्या मनात मोरावळा आहे. आवळा आधी सुईने किंवा काट्याने सगळीकडून टोचतात, नाहीतर पाक आत शिरत नाही. मास्तरांच्या शिकवणीत तिला टोचण्याचंच काम जास्त होतं. आणि इतकं होऊनही मोरावळ्यातला तुरटपणा जात नाही, याचं श्रेय आवळ्याला द्यायचं, पाकाला नव्हे. मोरावळा पक्वान्न आहे का, असा आक्षेप कुणी घेतला तर मी माघार घेईन, पण मंजुळेला दुसरं काही देणार नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, हा खेळ कुणी आधी खेळलं आहे का. कालिदास खेळला आहे, आणि खेळाडू म्हणून त्याने विदूषकाला उतरवलं. ‘शाकुंतल’च्या दुसऱ्या अंकात दुष्यंत आपल्या मित्राजवळ शकुंतलेचं वेड सांगत बसतो, तेव्हा तो खादाड माधव्य त्याला टोमणा मारतो की रोज गोड खजूर खाऊन कंटाळलेल्या माणसाला चिंच खावीशी वाटावी, तसं तुझं झालं आहे. अंतःपुरातल्या राण्या म्हणजे खजूर, आणि तपोवनातली मुलगी म्हणजे चिंच! त्याच अंकात राजा मात्र तिला कुणी न चाखलेला नवा मध म्हणतो. एकाच मुलीला दोघांनी दोन पदार्थ दिले, आणि शकुंतला कशी आहे हे त्यातून कळत नाही. कळतं ते एवढंच की एकाचं लक्ष पोटाकडे आहे आणि दुसरा प्रेमात पडला आहे. तुमच्या भिशीत भांडण झालं त्याचंही कारण मला हेच दिसतं. पदार्थ पात्राला दिला जात होता, पण बोलत होती ती देणारीची आवड.

संस्कृत विदूषकांचा स्वतःचा पदार्थ मात्र निर्विवाद ठरलेला आहे : मोदक. राजा मदत मागतो तर माधव्य विचारतो, मोदक खायला मदत हवी का? ‘विक्रमोर्वशीया’तल्या विदूषकाला उगवता चंद्र बघून मोदक आठवतो. आणि ‘मृच्छकटिका’तला मैत्रेय चारुदत्ताच्या वैभवाचे दिवस आठवतो तेव्हा त्याला आधी त्या घरातले सुवासिक मोदक आठवतात. हा तिसरा मला सगळ्यांत जास्त आवडतो. मोदक संपले तरी तो मित्राचं घर सोडत नाही. खादाड माणसाला इतकी निष्ठा शूद्रकाने दिली, आणि तीही न सांगता.

परदेशी लेखकांनी तर पात्राच्या हाती गोड देऊन कथा फिरवल्या आहेत. सी. एस. लुईसच्या नार्नियाच्या पहिल्या पुस्तकात एडमंड नावाचा मुलगा टर्किश डिलाइट नावाच्या गुलाबी-पांढऱ्या वड्यांसाठी आपल्या भावंडांना दगा द्यायला निघतो. आज वाचताना वाटतं, एवढ्याशा मिठाईसाठी? पण पुस्तक 1950 साली आलं, आणि इंग्लंडमध्ये गोळ्या-मिठाईवरचं रेशनिंग 1953 च्या फेब्रुवारीत उठलं. ते पुस्तक पहिल्यांदा हातात घेणाऱ्या मुलांना एडमंडचा मोह समजावून सांगावा लागला नसेल. डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मधल्या मिस हॅविशॅमचा केक तर खाण्याचा राहिलेलाच नाही. लग्न मोडल्या दिवसापासून तो टेबलावर तसाच आहे, कोळ्यांनी त्यात घर केलं आहे, आणि बाईंनी लग्नाचा पोशाख उतरवलेला नाही. आणि मार्सेल प्रूस्तची चहात बुडवलेली ती मादलेन! 1913 साली तिच्या एका घासाने निवेदकाचं सगळं बालपण वर आलं आणि ती जगभर गाजली. पण लेखकाच्या आधीच्या खर्ड्यांत मादलेन नव्हतीच. भाजलेल्या पावाचा तुकडा होता. इतक्या मोठ्या लेखकालासुद्धा पहिल्या फटक्यात पदार्थ सापडला नाही. तुम्ही एका भिशीत आठ जोड्या लावल्यात, त्यांतली शिकरणाची पक्की बसली आणि गुलाबजामाची थोडक्यात हुकली. हा काही वाईट हिशेब नव्हे.

काही पात्रांना मात्र मी पाटावर बसवणार नाही. ‘एकच प्याला’मधली सिंधू त्यांतली पहिली. नवऱ्याच्या दारूपायी जिचं घर धुळीला मिळालं तिच्या पुढ्यात वाटी ठेवायची आणि जुळलं म्हणून टाळी वाजवायची, हे मला जमत नाही. ‘नटसम्राट’मधल्या गणपतराव बेलवलकरांचंही तेच. त्यांनी सगळं वाटून टाकल्यावर त्यांच्या वाट्याला काय आलं ते ठाऊक असताना त्यांना पुन्हा काही वाढणं बरं दिसत नाही. खेळ आहे तोवर खेळावा, आणि इथे थांबावं.

दोघेजण माझ्याकडून सुटले आहेत. एक ‘व्यक्ती आणि वल्ली’तला नंदा प्रधान; त्याला काही दिलं तरी त्याने ते न खाताच सोडलं असं वाटत राहतं. दुसरे तुमचे चितळे मास्तर. डिंकाचा लाडू मनात आला होता, पण तो फार बाळंतिणीचा होतो. वाचकांना या दोघांसाठी काही सुचलं तर कृतीसह कळवावं. नुसतं नाव नको, आच मंद की मोठी तेही लिहावं. आणि पुरणपोळी सुचवणार असाल तर कुणाच्या आईची, ते आधी लिहा.